निकालाआधी बोला: जागावाटपाला बसणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष,
आणि युती-आघाडीच्या वाटाघाटींना बसणारे सर्व मान्यवर

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, सध्या तुम्हाला थोडी उसंत असेल. विधानसभेची पुढची निवडणूक नियमाप्रमाणे २०२९ साली आहे. ती तोंडावर आली की तुमच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. तेव्हा तुम्ही कुठल्याशा हॉटेलात याद्या पसरून बसलेले असता, बाहेर इच्छुकांचे ताफे उभे असतात आणि ‘नव्वद टक्के जागांवर एकमत झालंय’ हे एकच वाक्य रोज संध्याकाळी कॅमेऱ्यापुढे येतं. उरलेल्या दहा टक्क्यांत काय शिजतं ते आम्हाला अर्ज मागे घेण्याच्या दिवशी कळतं, आणि खरं काय ठरलं होतं ते निकालानंतरही कळत नाही. म्हणून आताच लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘विचारधारा कुठे गेली’ म्हणून गळा काढणारं हे पत्र नाही. महाराष्ट्राला भेसळीची सवय फार जुनी आहे. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले ते वसंतदादांचं सरकार पाडून. त्या पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, मंत्रिमंडळात जनसंघातून जनता पक्षात आलेले होते, समाजवादी होते आणि शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. पुढे सोनिया गांधींच्या विदेशी मुळाचा मुद्दा करून १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली, आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले तेव्हा सत्तेत काँग्रेसच्या शेजारी बसलीसुद्धा. बारशाचा मुद्दा जेमतेम चार महिने टिकला. तरी ती आघाडी पंधरा वर्षं चालली आणि तिने काही बरी कामंही केली. तेव्हा दोन वेगळ्या विचारांचे लोक एकत्र आले म्हणून मला धक्का बसत नाही.

महत्त्वाकांक्षेचंही तेच. ज्याला मुख्यमंत्री व्हायचंच नाही त्याने पक्ष काढायची यातायात कशाला करावी? तुम्हा लोकांना खुर्ची हवी असते हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खुर्चीचा व्यवहार तुम्ही आमच्या मतावर करता आणि त्याच्या अटी मात्र आमच्यापासून लपवता.

२०१९ चंच घ्या. १८ फेब्रुवारीला वरळीच्या हॉटेलात अमित शहा, उद्धव ठाकरे आणि देवेंद्र फडणवीस एका मंचावर आले आणि पदं व जबाबदाऱ्या समसमान वाटून घेण्याचं जाहीर झालं. एक वाक्य, त्याचे अर्थ दोन. शिवसेनेने त्यात अडीच वर्षांचं मुख्यमंत्रिपद वाचलं, भाजपने वाचलं नाही. २४ ऑक्टोबरला निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६, म्हणजे २८८ पैकी १६१. इतका स्वच्छ कौल मिळूनही सरकार बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ तारखेला लोक चहा घेत टीव्ही लावतात तो राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलेला. २६ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी ते सरकार गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर तिसरीच आघाडी, शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसची महाविकास आघाडी, सत्तेत आली. या सगळ्यात कोण खरं बोलत होतं? बंद दाराआड काय शब्द दिला गेला? आज इतक्या वर्षांनंतरही दोन्ही बाजू आपापली आवृत्ती छातीठोकपणे सांगतात, आणि तपासायला एक चिठोरासुद्धा नाही. दुकानाचा गाळा भाड्याने देतानाही आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार लिहितात. इथे बारा-तेरा कोटी लोकांचं राज्य तोंडी बोलीवर ठरलं होतं.

त्याआधी २०१४ ला वेगळीच तऱ्हा. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही. शिवसेना १५१ जागांवर अडली होती. मग प्रचारात भाजपच्या नेत्यांची तुलना अफझलखानाच्या फौजेशी झाली, आणि डिसेंबरात तीच शिवसेना त्याच सरकारात मंत्रिपदं घेऊन बसली. निकालाच्या दिवशी राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा देऊन टाकला, तो वेगळाच. अलीकडचं उदाहरण आणखी झणझणीत आहे. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीवरच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांच्या आरोपांचा हिशेब मांडला. पाचव्या दिवशी, २ जुलैला, त्याच पक्षाचा मोठा गट भाजपबरोबर सरकारात दाखल झाला. दोन्हीकडच्या प्रवक्त्यांनी पुढचे काही दिवस कसे काढले असतील याची मला खरंच काळजी वाटते.

आता जरा मुख्यमंत्रिपदाच्या त्या प्रसिद्ध सूत्राकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. ‘ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री.’ ऐकायला किती सरळ! २००४ साली राष्ट्रवादीच्या ७१ आणि काँग्रेसच्या ६९ जागा आल्या, मुख्यमंत्री मात्र काँग्रेसचा झाला, आणि दोन जास्त जागांचा मोबदला जास्तीच्या मंत्रिपदांत चुकता झाला. म्हणजे सूत्र पाळायचं की नाही तेही नंतर ठरतं. पण पाळलं तर त्याहून वाईट होतं. १६ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहातल्या मेळाव्यात उद्धव ठाकरे यांनी हे सूत्र नको, चेहरा आधी ठरवा, असं मित्रपक्षांसमोरच सांगितलं. भाजपबरोबरच्या युतीतला त्यांचा अनुभव असा की या सूत्रामुळे मित्रपक्षच एकमेकांच्या जागा पाडायला लागतात. त्या बोलण्यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे, पण निदान अचूक होतं. तुमच्या मित्राची जागा पडली की तुमची खुर्ची जवळ येत असेल, तर तुम्ही त्याच्यासाठी घसा का कोरडा कराल?

ते भाषण हवेत विरलं आणि नोव्हेंबरात आम्ही त्याचा प्रयोग पाहिला. सोलापूर दक्षिणमध्ये महाविकास आघाडीने जागा ठाकरे गटाला सोडलेली. मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, म्हणजे यंत्रं सुरू झालेली असताना, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे यांनी अपक्ष उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. जागा भाजपने जिंकली. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी एक उमेदवार दिला, मग बदलून दुसरा दिला, दुसऱ्याने शेवटच्या क्षणी अर्ज मागे घेतला आणि यंत्रावर पंजाच उरला नाही. सांगोल्यात शेकाप आणि ठाकरे गट एकमेकांसमोर उभे. महायुतीत सगळं आलबेल होतं असंही नाही: मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीने नवाब मलिक यांना उभं केलं, भाजपने त्यांचा प्रचार करणार नाही असं उघड सांगितलं, आणि शिंदेसेनेचा माणूस त्यांच्याविरुद्ध मैदानात होता. याला तुम्ही ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणता. हा शब्द ज्याने काढला त्याने मैत्री कधी केली नसावी.

आणि चिन्हांची उसनवारी! २०२४ ला कुडाळमध्ये नीलेश राणे भाजप सोडून धनुष्यबाणावर उभे राहिले, कारण जागा शिंदेसेनेकडे होती. शेजारच्या कणकवलीत त्यांचे बंधू कमळावर आणि वडील भाजपचे खासदार. दोघे भाऊ निवडून आले. भाजपच्या प्रवक्त्या शायना एन. सी. मुंबादेवीत धनुष्यबाणावर, भाजपचे माजी खासदार संजयकाका पाटील तासगावात घड्याळावर. जागा एकाची, माणूस दुसऱ्याचा. यातून निवडून आलेला आमदार उद्या कुणाचा व्हिप, म्हणजे सभागृहातला पक्षादेश, मनापासून मानेल हे तुम्हीच सांगा.

मतदान केंद्राच्या बाहेर, त्या ठरलेल्या अंतरापलीकडे, टेबल टाकून चिठ्ठ्या वाटण्याचं काम मी केलं आहे. कुठल्या पक्षासाठी ते सांगत नाही, ते महत्त्वाचंही नाही. आमच्या वॉर्डातल्या एक आजी दरवेळी चिठ्ठी घेताना बोटाने हवेत चिन्ह काढून दाखवायच्या, म्हणजे ‘हेच ना?’ तीसेक वर्षं उत्तर एकच होतं. एका निवडणुकीत आमची जागा मित्रपक्षाला गेली. आजींना सांगावं लागलं की या खेपेला ते नाही, ते दुसरं दाबा. त्या म्हणाल्या, ‘अरे पण ती तर आपली विरोधातली माणसं ना?’ शेजारच्या टेबलावरचा, म्हणजे कालपर्यंत ज्याच्याशी आमची हाणामारी व्हायची तो पोरगा, खाली मान घालून यादीत नाव शोधत राहिला. मी वरचा आदेश आहे एवढंच बोललो. आजी आत गेल्या. त्यांनी काय दाबलं ते मी विचारलं नाही. तुमचं ‘मतांचं हस्तांतरण’ का होत नाही याचा अभ्यास करायला तुम्ही दिल्ली-मुंबईहून सर्व्हेच्या कंपन्या आणता. एकदा या टेबलावर दोन तास बसा.

हे दुखणं फक्त आपलं नाही. कर्नाटकात २००६ मध्ये जेडीएस आणि भाजपने वीस-वीस महिने वाटून घेतले. कुमारस्वामींचे वीस संपले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी खुर्ची सोडायला नकार दिला. नंतर येडियुरप्पा कसेबसे मुख्यमंत्री झाले ते जेमतेम आठवडाभर. उत्तर प्रदेशात १९९७ ला बसप आणि भाजपची सहा-सहा महिन्यांची बोली होती; मायावतींचे सहा महिने झाले, कल्याणसिंह आले आणि महिन्याभरात पाठिंबा निघाला. त्यामानाने जम्मू-काश्मीरमध्ये पीडीपी आणि भाजपने बरं केलं. कलम ३७० वर दोघांची तोंडं दोन दिशांना, तरी दोन महिने खल करून ‘अजेंडा ऑफ अलायन्स’ लिहून काढला, छापला, आणि १ मार्च २०१५ ला सरकार केलं. जून २०१८ मध्ये ते पडलं, पण कोणी कुठलं कलम मोडलं याची चर्चा तरी करता आली. त्यातही खोट होती: कागद निघाला तो मतदानानंतर. एकमेकांना रोखण्यासाठी म्हणून मतं घेतलेली दोघांनी, मतदाराला मात्र विचारलं नाही. केरळमध्ये डावी आणि काँग्रेसची आघाडी निवडणुकीआधीच पुरत्या ठाऊक असतात. तिथला मतदार चिडला तर कुणावर चिडायचं हे त्याला माहीत असतं.

यावर तुमचं एक ठरलेलं उत्तर आहे: ‘जनता सुज्ञ आहे, चुकलो तर घरी बसवेल.’ कधी बसवते. हरयाणात २०१९ साली भाजपविरुद्ध लढून दहा जागा आणणारे दुष्यंत चौटाला भाजपचेच उपमुख्यमंत्री झाले, आणि २०२४ ला त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पण बिहारकडे पाहा. नितीशकुमार २०१५ ला लालूंबरोबर जिंकून २०१७ ला भाजपकडे गेले, २०२० ला भाजपबरोबर जिंकून २०२२ ला लालूंकडे, जानेवारी २०२४ ला परत भाजपकडे. आणि २०२५ ला त्यांच्या आघाडीला २४३ पैकी २०२ जागा मिळाल्या. आपल्याकडे दोन पक्ष फुटले, चिन्हं इकडची तिकडे गेली, आणि २०२४ ला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा आल्या. लोकांनी फोडाफोडीला माफ केलं असा याचा अर्थ मी काढत नाही. एकाच बटणावर माणसाला खताचा भाव, बहिणीचा हप्ता, गावचा रस्ता, जात आणि उमेदवाराचा स्वभाव अशा सगळ्यांचा निवाडा करायचा असतो. त्या गर्दीत तुमच्या शब्दभंगाचा नंबर कितवा लागेल सांगता येत नाही. म्हणून मतदाराच्या शिक्षेवर हवाला ठेवून तुम्ही मोकळे होऊ नका.

कायद्याने तर तुम्हाला मोकळं सोडलेलंच आहे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, पक्ष ओळखते. युती ओळखत नाही. एका आमदाराने व्हिप मोडला तर त्याची आमदारकी जाऊ शकते. अख्ख्या पक्षाने निवडणुकीतला साथीदार सोडला तर कुणाचंच काही जात नाही. उलट फायदा घ्यायची वेळ येते तेव्हा युतीला मान आहे: त्रिशंकू स्थितीत निवडणूकपूर्व आघाडीला आधी बोलवावं असं सरकारिया आयोगाने राज्यपालांना सुचवून ठेवलंय. म्हणजे निमंत्रण युती म्हणून घ्यायचं आणि मोडायची झाली तर आम्ही स्वतंत्र पक्ष! विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात निवडणूकपूर्व आघाडीला पक्षांतरबंदीसाठी एकच पक्ष मानावं अशी शिफारस केली होती. २००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती झाली, एक-तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली, मंत्र्यांची संख्या पंधरा टक्क्यांवर आणली. ही शिफारस मात्र तशीच राहिली. दहावी अनुसूची बदलणं संसदेच्या हातात आहे, तुमच्या नाही, हे मला कळतं. पण स्वतःवर बंधन घालून घ्यायला घटनादुरुस्ती लागत नाही.

मागणं एवढंच आहे. युती किंवा आघाडी करून लढणार असाल तर अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत एक कागद जाहीर करा, सगळ्या पक्षाध्यक्षांच्या सह्यांचा. मुख्यमंत्री कोण हे त्यात लिहा. नावावर एकमत नसेल तर तो कसा ठरणार ते लिहा, आणि वाटून घेणार असाल तर कुणाची पाळी कधी संपणार ते तारखेसकट लिहा. ‘निकालानंतर बसून ठरवू’ हेच खरं असेल तर तेही लिहा. आम्ही ते वाचून मत देऊ. २०२४ ला २३ नोव्हेंबरला दणदणीत बहुमत मिळूनही शपथविधीला ५ डिसेंबर उजाडला, मधल्या काळात कोण गावी गेलं आणि कोण रुसलं याच्याच बातम्या आम्ही वाचत होतो. पुढे १८ जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडला स्थगिती. मोजून ४३ मंत्रिपदं आणि ३६ जिल्हे, यात अचानक काय उपटतं?

दुसरं, तुमच्यातले कुठले मुद्दे या पाच वर्षांसाठी कुलपात ठेवणार आहात ते सांगा. हे मला मुख्यमंत्रिपदापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण विचारधारेबद्दल खरं बोलायची हीच एक जागा आहे. महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम काढला, त्यात ‘धर्मनिरपेक्ष’ शब्दही घातला, दहा रुपयांत थाळी घातली. पण सावरकरांचं काय करायचं, नामांतराचं काय, हे कोणीच लिहिलं नाही. मग राहुल गांधींची भारत जोडो यात्रा अकोल्यात असताना सावरकरांवरून मित्रपक्षाची पंचाईत झाली. त्याआधी, २९ जून २०२२ ला, सरकार जाता जाता औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचे ठराव घाईघाईने मंत्रिमंडळात आले, आणि ज्यांच्या मतदारांना ते नको होतं असे मंत्रीही त्याच बैठकीतून बाहेर पडले. महायुतीतही ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही असं प्रचार ऐन भरात असताना अजित पवारांना आणि खुद्द भाजपच्या पंकजा मुंडेंना सांगावं लागलं. मतभेद असणं ठीक आहे. त्यातला कुठला गुंडाळून ठेवलाय आणि कुठला नाही, हे मत देण्याआधी आम्हाला कळू द्या.

आणि तिसरं, फारकतीची अट. युती सोडायची वेळ आली तर तुमचे मंत्री राजीनामे देऊन विरोधात बसतील, की दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा शपथ घेतील? माझ्या मते निवडणूकपूर्व साथीदार सोडून ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याकडे जायचं असेल तर आमदारांनी राजीनामे देऊन पुन्हा निवडून यावं. हे तुम्हाला पचणार नाही हे ठाऊक आहे. मग जे पचेल ते लिहा, पण लिहा.

तुमच्यातले जाणते म्हणतील, असं सगळं उघड केलं तर कार्यकर्ता नाराज होतो. तो आताही नाराजच आहे. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी तीन वाजायला पाच मिनिटं असताना कुणाच्या हातात पडतो हे पाहत तो तहसील कचेरीच्या बाहेर उभा असतो, आणि सतरंज्या उचलायचं काम त्याचं सुटत नाही ते नाहीच. निदान कशासाठी उचलतोय हे त्याला कळेल.

उमेदवाराला आज शपथपत्र द्यावं लागतं: बायकोच्या अंगावरच्या सोन्यापासून दारातल्या दुचाकीपर्यंत आणि अंगावरच्या गुन्ह्यांपासून बँकेच्या कर्जापर्यंत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं तेव्हा तुम्ही सगळे पक्ष, एरवी कशावरच एकत्र न येणारे, विरोधात एकत्र आला होतात. अध्यादेश निघाला, कायदा बदलला, मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि शपथपत्रं सुरू झाली. त्याने राजकारण थांबलं नाही. ती शपथपत्रं निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर लागतात. त्याच फलकावर तुमच्या युतीचा कागद लावता येईल.

कुठला पक्ष आधी तयार होतो ते कळवावं. मसुदा मराठीत असावा, आणि शक्यतो दोन पानांच्या आत.

आपला,
यादी भाग क्रमांक ठाऊक असलेला एक मतदार